पडदा, पूर्वज आणि प्रेक्षक

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके एकमेकांस लागून आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना पाठ असतात. ती सारी ह्याच परिसरातील. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेध्यांचे गाव, सिंद हे बाजीप्रभू देशपांड्यांचे, भुतोंडे हे येसाजी कंकांचे. भाटघर धरणाच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे आणि मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे. शेतकऱ्याच्या पाण्याच्या पाळीपर्यंत इतिहास पोहोचलेला असा हा मुलूख आहे.

अशा मुलखात दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकेची चर्चा इतर ठिकाणच्या चर्चेसारखी होत नाही. मुंबईच्या किंवा वसईच्या घरात एखादे पात्र आवडले किंवा नावडले, एवढ्यावर विषय संपतो. येथे ते पात्र म्हणजे शेजारच्या गावातील एखाद्या आडनावाचा मूळ पुरुष असतो. नट बरा की वाईट ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : “आमच्या माणसाला असा दाखवला कशावरून?” ह्या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मावळातून थेट कोरियापर्यंत जावे लागणार आहे, आणि ते अगदीच अप्रस्तुत नाही. आज मराठी घरांतील तरुण मुली ज्या तन्मयतेने कोरियन मालिका पाहतात आणि त्यांतील नटनट्यांविषयी बोलतात, ती पाहता कोरिया आता आपल्या ओटीवर आलेला आहे.

प्रथम आपल्याकडील प्रेक्षकाविषयी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला; पण डोंगराच्या माथ्यावरून सुटलेल्या लहरी सरळ रेषेत जातात आणि दुसरा डोंगर आडवा आला की अडतात. त्यामुळे मनोरा जवळ असूनही आतल्या खोऱ्यांतील वाड्यांना चित्र स्वच्छ दिसणे कठीणच होते. १९८७ साली ‘रामायण’ आणि १९८८ साली ‘महाभारत’ सुरू झाले तेव्हा ज्या घरी संच होता त्या घराचे अंगण रविवारी सकाळी भरून जाई, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राची आहे. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने मासिक शुल्काविना चालणारी छत्रीची सेवा आरंभली आणि डोंगराची अडचण आकाशातून दूर झाली. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि मालिका अंगणातून उठून प्रत्येकाच्या तळहातावर आली. एकत्र पाहणे कमी झाले, परंतु पाहिलेल्याविषयी बोलणे मात्र वाढले.

ह्या बोलण्यात जुन्या काळापासून एक गोड घोटाळा आहे : नट आणि व्यक्ती ह्यांतील अंतर पुसले जाणे. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल दिसताच लोक वाकून नमस्कार करीत. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या आणि गोविलही २०२४ मध्ये गेले. आपण ख्रिस्ती वाचकांनी ह्याला हसण्याचे कारण नाही. फ्रांको झेफिरेली ह्यांनी १९७७ साली ‘जीझस ऑफ नाझरेथ’ ही मालिका केली. तीत येशूची भूमिका रॉबर्ट पॉवेल ह्या इंग्रज नटाने केली, आणि तेव्हापासून त्याच चेहऱ्याची चित्रे जगभर भाविकांच्या घरांत लागली. ज्याच्यापुढे मेणबत्ती लावली तो चेहरा एका नटाचा आहे, हे कित्येकांच्या ध्यानीमनीही नसेल.

ऐतिहासिक भूमिकांचे तसेच झाले. ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका २००८ साली सुरू झाली आणि डॉ. अमोल कोल्हे घरोघरी महाराज म्हणून ओळखले जाऊ लागले. तेच पुढे २०१७ ते २०२० ह्या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत शंभूराजे झाले. म्हणजे पित्याला आणि पुत्राला एकच चेहरा मिळाला. शरद केळकर ह्यांनी २०२० च्या ‘तान्हाजी’ चित्रपटात महाराजांची भूमिका केली आणि दोनच वर्षांनी ‘हर हर महादेव’ मध्ये ते बाजीप्रभू झाले. त्याच चित्रपटातील महाराज, सुबोध भावे, ह्यांनी त्याआधी बालगंधर्व आणि लोकमान्य टिळक रंगविले होते. २०२२ ह्या एकाच वर्षी दोन बाजीप्रभू पडद्यावर आले : ‘पावनखिंड’ मधील अजय पूरकर आणि ‘हर हर महादेव’ मधील केळकर. कोणता बाजी खरा वाटला, ह्यावर प्रेक्षकांनी मनसोक्त वाद घातले. अशा वादांत वाईट काहीच नाही. नाटक कंपन्यांच्या काळात बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले श्रेष्ठ ह्यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी रात्री जागविल्याच होत्या. पण ‘खरा वाटला’ आणि ‘खरा होता’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कोरियाकडे वळू. दूरदर्शनने २००६ साली कोरियन ऐतिहासिक मालिका हिंदीत दाखविण्यास आरंभ केला होता; पण आपल्याकडे ह्या मालिकांची खरी आवड निर्माण झाली ती भ्रमणध्वनीमुळे, आणि विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत. त्यांतील प्रेमकथा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु कोरियात राजदरबाराच्या कथांची परंपराही तितकीच मोठी आहे, आणि तिचा मुकुटमणी म्हणजे ‘दे जांग गम’. सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ ह्या काळात तिचे ५४ भाग प्रसारित झाले. ली यंग-ए ह्या अभिनेत्रीने तीत जांग-गम नावाच्या मुलीची भूमिका केली. राजाच्या मुदपाकखान्यात राबणारी ही अनाथ मुलगी अनेक हाल सोसून अखेर राजवैद्य होते. आशियाभर ही मालिका लोकांनी डोक्यावर घेतली.

ह्या जांग-गमविषयी इतिहासात किती आधार आहे? सोळाव्या शतकातील जुंगजोंग राजाच्या बखरीत तिचे नाव जेमतेम दहाएक ठिकाणी येते. १५१५ साली राणी बाळंतपणानंतर वारली तेव्हा ह्या वैद्य स्त्रीला शिक्षा करावी असे अधिकाऱ्यांनी सुचविले आणि राजाने ते नाकारले, अशी एक नोंद आहे. १५४४ साली राजा मरणपंथाला लागला असताना त्याच्या प्रकृतीची माहिती तिला आहे, अशा अर्थाची दुसरी नोंद आहे. मधल्या काही नोंदी तिला मिळालेल्या बक्षिसांच्या आहेत. बाकी सारे, तिचे बालपण, मुदपाकखान्यातील स्पर्धा, तिचे प्रेम, हे लेखिकेच्या कल्पनेचे देणे. दहा ओळींतून ५४ भाग उभे राहिले, आणि ती लबाडी आहे असे कोरियन प्रेक्षक म्हणाले नाहीत. कारण त्या दहा ओळी कोठे आहेत आणि कल्पना कोठे सुरू होते हे ज्याला पाहायचे त्याला पाहता येत होते.

ते पाहता येते ह्याचे कारण मोठे रंजक आहे. जोसन राजवंशाची बखर हा त्या देशाचा अनमोल ठेवा होय. १३९२ पासून १८६३ पर्यंतच्या पंचवीस राजांच्या कारकिर्दी तीत नोंदलेल्या आहेत, आणि १९९७ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक स्मृतींच्या यादीत समावेश केला. राजदरबारी इतिहासकार रोजची टिपणे ठेवी. राजाच्या मृत्यूनंतर त्यांवरून बखर सिद्ध होई, आणि ती टिपणे पाहण्याचा अधिकार खुद्द राजालाही नसे. तेजोंग हा राजा १४०४ साली शिकारीत घोड्यावरून पडला. उठताच त्याने चोहीकडे पाहून बजावले की, ही गोष्ट इतिहासकाराला कळू देऊ नका. इतिहासकाराने राजाचे पडणे तर लिहिलेच, आणि ‘कळू देऊ नका’ हे सांगणेही लिहिले. १५९२ साली जपानी स्वारीत ह्या बखरीच्या चारपैकी तीन प्रती नष्ट झाल्या. चौथी जोंजू गावात होती. तिथल्या दोन विद्वान गृहस्थांनी ती नेजांग डोंगरात नेऊन लपविली आणि वाचविली. आज ती संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येते.

ह्याच तेजोंग राजावर २०२१ साली ‘जोसन एक्झॉर्सिस्ट’ नावाची मालिका निघाली. भुताखेतांची कथा होती. भ्रमिष्ट झालेला राजा निरपराध लोकांची कत्तल करतो असे तीत दाखविले. राजपुत्राच्या तोंडी पूर्वजांना कमीपणा आणणारे बोल घातले. आणि पाश्चात्त्य धर्मगुरूच्या पुढे कोरियन जेवणाऐवजी चिनी पदार्थ वाढले. २२ आणि २३ मार्च रोजी दोन भाग झाले. प्रेक्षकांनी बखरीतील दाखले देत तक्रारींचा पाऊस पाडला. राजाचे वंशज असलेल्या जोंजूच्या यी कुळाच्या संस्थेने निषेध केला. जाहिरातदारांनी अंग काढून घेतले, आणि २६ मार्चला वाहिनीने मालिकाच रद्द केली. प्रमुख कलावंतांनी जाहीर क्षमा मागितली. वाचकहो, त्या मालिकेतील एक विसंगती आपल्यालाही चटकन ओळखता यावी. तेजोंगची कारकीर्द १४०० ते १४१८. कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय धर्मगुरू १५९३ साली जपानी सैन्याबरोबर आला होता. आणि तेथील ख्रिस्तसभेचा आरंभ तर १७८४ चा, तोही ग्रंथ वाचून श्रद्धेकडे वळलेल्या प्रापंचिकांनी केलेला. तेजोंगच्या दरबारी कॅथॉलिक धर्मगुरू असणे शक्यच नव्हते.

त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या हिरडस मावळात तसाच प्रसंग उभा राहिला. ‘हर हर महादेव’ २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला. महाराज आणि बाजीप्रभू ह्यांच्यातील संघर्षाचे त्यात केलेले चित्रण इतिहासाला धरून नाही, हा आक्षेपांपैकी एक होता. कान्होजी जेधे आणि बांदल देशमुख ह्यांच्या वंशजांनी आपली नापसंती जाहीरपणे व्यक्त केली आणि हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवू नये अशी मागणी पुढे आली. नोव्हेंबरमध्ये ठाण्यात एका चित्रपटगृहातील खेळ बंद पाडण्यात आला आणि एका प्रेक्षकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. दोन्ही देशांतील प्रसंगांत वंशज दुखावले, प्रेक्षक रागावले. फरक एवढाच की कोरियात वादाचा बराचसा भाग बखरीच्या पानांवरून झाला, आणि आपल्याकडे पुष्कळसा भाग घोषणांनी व्यापला.

तसे होण्याचे कारण नव्हते. कारण कागद आपल्याकडेही आहेत, आणि ते ह्याच भोर तालुक्यातील आहेत. कारीच्या जेधे घराण्याने पिढ्यान् पिढ्या जपलेली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या, म्हणजे १६१८ ते १६९७ ह्या काळातील घटना तीत तिथीवार दिलेल्या आहेत. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानला जात होता. जेध्यांच्या शकावलीत तो फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा निघाला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ग्रंथाने आणि जोधपूरला सापडलेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला, आणि आज शासनाकडून साजरी होणारी शिवजयंती त्याच तारखेला असते. एका खेड्यातील घरात राहिलेल्या कागदाने साऱ्या महाराष्ट्राचे पंचांग बदलले. जोंजूच्या त्या दोन गृहस्थांची आठवण येथे कोणास होणार नाही?

ह्या घराण्याचा दुसरा कागद म्हणजे जेधे करीना. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. तिचे मोल अशासाठी की ती केवळ गौरव गात नाही. वतनावरून घरातच झालेला रक्तपात ती सांगते. जेधे आणि बांदल ह्यांच्यातील जुने वैर ती सांगते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६ जून १६५९ रोजी, आदिलशाहाने कान्होजींना खानास मिळण्याचे फर्मान पाठविले. कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच वेळी रोहिडखोऱ्यातील खंडोजी खोपडे मात्र खानाच्या बाजूस गेले. निष्ठा आणि फितुरी एकाच खोऱ्यात, हाकेच्या अंतरावर नांदत होती. पुढे १३ जुलै १६६० रोजी सिद्दी जौहरचे सैन्य पाठीवर असताना महाराज विशाळगडाकडे गेले आणि घोडखिंडीत बांदलांचे लोक बाजीप्रभूंबरोबर लढून पडले. त्यानंतर दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांच्या संमतीने बांदलांना देण्यात आला, अशी परंपरा आहे. ज्यांचे पूर्वी वैर होते त्यांना एका घराने आपला मान दिला. एवढे नाट्य खुद्द परंपरेतच असताना कल्पित झुंज रचण्याची गरज लेखकाला का वाटावी?

येथे एक सावधगिरी हवी. वंशजांच्या दुःखाची कदर करावी. परंतु इतिहास कोणत्याही घराण्याची खासगी मालमत्ता नव्हे. आपल्या पूर्वजाचा उणेपणा दाखविला म्हणून आरडाओरडा करणे आणि खोटे दाखविले म्हणून आक्षेप घेणे ह्यांत महदंतर आहे. घोड्यावरून पडलेल्या राजाला ती नोंद नको होती. ती राहिली म्हणून आज बखरीवर विश्वास बसतो. जेध्यांच्या करीन्यात घरचे रक्त सांडल्याची हकीकत आहे. म्हणूनच तिच्यातील कान्होजींच्या निष्ठेवरही आपला विश्वास बसतो. ज्या कागदात उणे नाही त्यातील अधिकाची खात्री कोण देणार?

कल्पनेला बंदी घालावी असेही नाही. आपण दर चाळिशीत क्रूसाच्या वाटेची भक्ती करतो. सहाव्या स्थानी वेरोनिका येशूचा मुखडा पुसते. ही वेरोनिका चारही शुभवर्तमानांत नाही. तरी शतकानुशतके भाविकांनी तिला त्या वाटेवर उभी केली, कारण त्या गर्दीत एक तरी कनवाळू हात पुढे झाला असेल असे त्यांना वाटले. तिच्यामुळे शुभवर्तमानाला बाध येत नाही. मात्र वेरोनिका परंपरेची आणि शिमोन कुरेनेकर शुभवर्तमानातला, हे जाणणारा भाविक अधिक डोळसपणे प्रार्थना करतो. जांग-गमचे बालपण, बाजीप्रभूंचे घरगुती संवाद, येसाजींचा विनोद हे सारे वेरोनिकेच्या जातीचे आहे. ते असावे, फक्त ते काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असावे.

म्हणून मालिकांवर बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींना “हे खूळ सोडा” असे सांगण्यापेक्षा त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न आपण घालावा. नट कोणाचा, हे त्यांना माहीत असते. त्याचे मागचे काम कोणते, पुढचे कोणते, हेही. पात्र लेखकाचे, हेही त्यांना समजते. पण त्या पात्रामागे जो माणूस खरोखर होऊन गेला, त्याच्याविषयी काय लिहिलेले आहे आणि ते कोणी जपले? कोरियन राजाची गोष्ट पाहणाऱ्या मुलीने बखरीतील त्या दहा ओळींचा शोध घेतला, तर तिला आपल्या जिल्ह्यातील शकावलीचाही शोध घ्यावासा वाटेल.

भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत, आणि आपल्या धर्मग्रामांतील जुन्या घरांतही, पेट्यांतून अजून कागद असतील : वतनाचे, जमिनीचे, बाप्तिस्म्याचे, पत्रांचे. पावसाळी हवेत त्यांना कसर लागते, घर बदलताना ते रद्दीत जातात. पडद्यावरील पूर्वज चुकीचा रंगविला तर आपण चिडतो, हे ठीक आहे. परंतु त्याला बरोबर रंगविण्याचे साधन आपल्याच माळ्यावर कुजत असेल, तर त्या चिडण्याला अर्थ राहत नाही. ते कागद उतरवून कोरड्या जागी ठेवणे, ज्येष्ठांकडून त्यांतील नावे लिहून घेणे आणि शक्य तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे, एवढे काम प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.